आजच्या पगारावर किती टक्के? हा हिशेबच बाजूला ठेवा

या वेळच्या टपालात नव्या नोकरीच्या पगाराविषयीची पत्रं इतकी आली की सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. पत्रातले खरे आकडे मी छापत नाही. पत्र लिहिणाऱ्याचा आजचा पगार १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात दिले आहेत. यामुळे कुणाची ओळख उघड होत नाही, आणि वाचणाऱ्याला स्वतःचा आकडा त्या जागी ठेवून बघता येतो.

प्रश्न : ताई, पॅकेजिंगचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत मी आठ वर्षं क्वालिटीमध्ये आहे. आता एका मोठ्या कंपनीत क्वालिटी प्रमुखाची जागा मिळते आहे. तीन मुलाखती झाल्या. नंतर एचआरच्या बाईंचा फोन आला, ‘सध्याचा पगार किती आणि अपेक्षा किती?’ मी ‘सोमवारी सांगतो’ म्हणून वेळ मागून घेतली. मित्र म्हणतात, तीस टक्के वाढवून माग, सगळे तेवढंच मागतात. मेव्हणा म्हणतो, सरळ दुप्पट सांग, घासाघीस करून ते खाली आणतीलच. बायको म्हणते, आकड्याच्या नादात हातातोंडाशी आलेली नोकरी घालवू नका. गेल्या वर्षी आमच्याकडे लागलेल्या आणि माझ्या हाताखाली काम शिकलेल्या मुलाला माझ्याइतकाच पगार आहे, हे कळल्यापासून माझं इथे मन लागत नाही. सोमवारी नेमका किती आकडा सांगू? चौकशी करून जमवलेली माहिती सोबत जोडली आहे.

उत्तर : वेळ मागून घेतलीत हे फार चांगलं केलंत. फोनवर तिथल्या तिथे आकडा बोलून मोकळं व्हायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

तुमच्या पत्रातलं त्या मुलाविषयीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो तुमच्यापेक्षा वरचढ आहे म्हणून त्याला तेवढा पगार मिळत नाही. तो गेल्या वर्षीच्या बाजारभावाने आत आला. तुम्ही आठ वर्षांपूर्वीच्या भावाने आलात आणि तेव्हापासून वार्षिक वाढीवर चालत राहिलात. समजा तुमचा पगार दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेला, आणि तुमच्यासारख्या कामाचा बाहेरचा दर ८ टक्क्यांनी. एकेका वर्षात हा तीन टक्क्यांचा फरक जाणवतही नाही. पण आठ वर्षांनी बाहेरचा दर तुमच्या पगाराच्या सव्वापट झालेला असतो. म्हणजे तुम्ही १०० वर आणि तुमचं आजचंच काम बाहेर १२५ ला. आता मित्रांच्या सल्ल्याने १३० मागितलेत, तर त्यातले २५ हे मागचं राहिलेलं येणं आहे. प्रमुख होण्याचे, माणसं सांभाळण्याचे, ग्राहकाच्या तक्रारीला उत्तरदायी राहण्याचे उरले फक्त ५. तुम्हाला वाटेल भरघोस वाढ मिळाली, आणि ज्या असमाधानामुळे तुम्ही नोकरी सोडताय तेच सोबत घेऊन तुम्ही नव्या कंपनीत जाल.

माझं नोकरीतलं बहुतेक आयुष्य पगारश्रेण्या ठरवणाऱ्या खात्यात गेलं. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते. बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत प्रत्येक जागेला एक श्रेणी असते : खालचं टोक, मध्य आणि वरचं टोक. मध्य म्हणजे त्या कामाला इतर कंपन्या साधारण जे देतात ते. त्यासाठी कंपन्या पगाराची सर्वेक्षणं विकत घेतात. त्या जागेवर पहिल्यांदाच येणारा माणूस मध्याच्या खाली बसतो, काम पूर्ण येणारा मध्याजवळ, आणि वर्षानुवर्षं तेच काम उत्तम करणारा वरच्या बाजूला. तुमच्याशी बोलणाऱ्या एचआरच्या बाईंना त्या श्रेणीत एका मर्यादेपर्यंत स्वतःच्या अधिकारात हो म्हणता येतं. त्यापुढे विभागप्रमुखांची सही लागते, आणखी पुढे वित्त विभागाची. हे सगळं तुमचा अर्ज येण्याआधीच ठरलेलं असतं आणि त्यात तुमच्या आजच्या पगाराचा कुठेही संबंध नसतो.

मग तो विचारतात कशाला? समजा, त्या जागेची श्रेणी १२० ते १८० आहे, मध्य १५०. तुम्ही १०० वरून तीस टक्के मागितले की १३० ला तुम्ही मिळालात. दुसरा एखादा उमेदवार, ज्याला आज १२५ मिळतात, तेच तीस टक्के मागेल आणि १६२ ला येईल. तीच खुर्ची, त्याच जबाबदाऱ्या, तोच ताप. टक्क्यांच्या भाषेत बोललं की जुन्या मालकाने ठरवलेली तुमची किंमत नवा मालक जशीच्या तशी उचलतो. याची मला मनापासून चीड येते, कारण ज्याला आधी कमी मिळालं त्याला पुढेही कमीच मिळत राहतं आणि यात कुणाचं एकाचं काही चुकलंय असं कागदावर दिसतही नाही.

शिवाय एकदा कानावर पडलेला आकडा डोक्यातून जात नाही. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात याचा एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधीच तजवीज केली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? चक्रावर १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नसताना ही गत, तर तुमच्या तोंडून आलेला ‘१००’ ऐकल्यावर समोरच्याला १५० हा आकडा कसा वाटेल याचा विचार करा. काही ठिकाणच्या कायद्यांनी हे ओळखलं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून, ऑफर देण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारायला मनाई केली. तो कायदा २०१८ च्या जुलैपासून लागू झाला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशातही हीच मनाई आहे, आणि त्या जागेचा सुरुवातीचा पगार किंवा श्रेणी उमेदवाराला आधीच कळवण्याचं बंधनही. जिथे असा कायदा नाही, तिथे ही काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

तेव्हा प्रश्न असा धरा : या जागेवर बसणाऱ्या, माझ्याइतका अनुभव असलेल्या माणसाला आज काय द्यावं लागतं?

तुम्ही जोडलेली माहिती मला आवडली. एका जाहिरातीत अशाच जागेसाठी १३० ते १६५ छापलंय. तुमच्या ओळखीचे एक जण तशाच कंपनीत तीन वर्षं प्रमुख आहेत, त्यांना १५० मिळतात. पगार सांगणाऱ्या संकेतस्थळावरून तुम्ही १९० हा आकडा घेतलाय, त्यावर मात्र मी भिस्त ठेवणार नाही. तिथे हुद्द्याचं नाव सारखं असतं आणि काम वेगळं. कुणी बोनस धरून लिहितो, कुणी न धरता. कुणाची नोंद जुनी असते. जाहिरातीतली श्रेणी जास्त भरवशाची, विशेषतः जिथे ती छापणं सक्तीचं आहे तिथली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून तसं आहे, आणि नंतर आणखी काही ठिकाणी झालं. अर्थात परदेशातला आकडा आपल्या उपयोगाचा नाही, पण तुमच्या भागात त्याच कंपनीने किंवा तिच्या स्पर्धकांनी श्रेणी छापली असेल तर ती जरूर शोधा.

सोमवारपर्यंत अजून दोन फोन करा. पहिला एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टंटला. ‘एवढ्या आकाराच्या कंपनीत क्वालिटी प्रमुख सध्या कितीला लागतायत?’ असं सरळ विचारा. त्यांचा रोजचा धंदाच तो आहे आणि तुम्ही उद्या त्यांचे उमेदवार होऊ शकता, म्हणून ते सांगतात. दुसरा फोन अशाच जागेवरून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुणाला. त्यांना ‘तुमचा पगार किती?’ असं विचारू नका, अवघडल्यासारखं होतं. ‘मी १४५ धरून चाललोय, कमी सांगतोय का?’ असं विचारा. स्वतःचा पगार न सांगणारा माणूसही दुसऱ्याचा चुकलेला आकडा लगेच दुरुस्त करतो. आणि तिसरं, जे बहुतेक जण करतच नाहीत : खुद्द एचआरच्या बाईंनाच विचारा, ‘या जागेसाठी तुमच्याकडे श्रेणी काय ठरली आहे?’ सांगतीलच असं नाही. पण सांगितली तर निम्मं काम झालं, आणि विचारल्याने तुमचं काही कमी होत नाही.

आता तुमचा आकडा. प्रमुख म्हणून तुम्ही पहिल्यांदा बसणार, त्यामुळे त्या ओळखीच्या गृहस्थांच्या १५० च्या थोडं खाली बसणं रास्त आहे. पण तुम्ही लिहिलंय की गेली दोन वर्षं साहेबांच्या गैरहजेरीत ग्राहकांची ऑडिट्स तुम्हीच पार पाडलीत. म्हणजे काम नवं नाही, खुर्ची नवी आहे. माझ्या मते तुमचा न्याय्य पगार १४५ च्या आसपास. सोमवारी ‘१४५ ते १५५’ असं सांगा. २०१५ साली कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनियल एम्स आणि मालिया मेसन यांचं याच विषयावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. आपल्याला हवा तो आकडा खालच्या टोकाला ठेवून त्याच्या वरचा पट्टा सांगितला, तर एकच आकडा सांगण्यापेक्षा बऱ्याचदा जास्त पदरात पडतं, आणि समोरच्याला तो माणूस ताठरही वाटत नाही. लोक नेमकं उलटं करतात. हवे असतात १४५ आणि सांगतात ‘१३० ते १४५’. समोरच्याच्या कानात १३० तेवढे राहतात.

मेव्हण्यांचं दुप्पट विसरा. २०० हे त्या श्रेणीच्या वरच्या टोकाच्याही पलीकडे आहे. असा आकडा ऐकला की आम्ही घासाघीस सुरू करत नव्हतो. या माणसाला कामाचा अंदाज नाही, किंवा कमी पगारावर आला तरी नाराज राहून वर्षभरात जाईल, असं समजून पुढच्या उमेदवाराला फोन लावत होतो.

तुमच्या पत्नीची भीती मात्र मी बाजूला सारणार नाही. घर चालवणाऱ्या माणसाला ती वाटणारच. मी जे पाहिलं ते सांगते : तीन मुलाखती घेऊन निवडलेल्या माणसाने कारण देऊन, शांतपणे, एकदा जास्त मागितलं म्हणून ऑफर मागे घेतलेली मी क्वचित पाहिली. फार तर ‘एवढं जमणार नाही, आमचा आकडा हाच’ असं उत्तर येतं, आणि मग हो म्हणायचं की नाही हे तुमच्याच हातात असतं. ऑफर गेल्याचं पाहिलंय ते दुसऱ्या कारणांनी. दर फोनला आकडा बदलला, नसलेल्या दुसऱ्या ऑफरची थाप मारली, किंवा पगाराच्या स्लिपमध्ये फेरफार केला. यातलं काहीही करू नका. स्लिपा मागतातच, आणि खोटं नोकरी लागल्यानंतर उघड झालं तरी नोकरी जाते.

सोमवारच्या आधी दोघांनी बसून एक गोष्ट ठरवा : कितीच्या खाली जायचं नाही. तुम्ही लिहिलंय, आत्ता सोडलंत तर वर्षअखेरचा बोनस बुडतो, तो साधारण ८. नवी जागा दूर, रोजचा प्रवास दुप्पट. सहा महिने प्रोबेशन, म्हणजे आज आहे ती शाश्वती तेवढा काळ नाही. हे सगळं मोजून मला वाटतं १३० च्या खाली ही नोकरी घेण्यात अर्थ नाही. तुमचा आकडा थोडा वेगळा निघेल, पण तो कागदावर लिहा आणि पत्नीला दाखवा. फोनवर कुणी गोड बोलून १२० वर आणू लागलं की तो कागद उपयोगी पडतो.

फोनवर काय बोलायचं तेही लिहून देते. ‘या जागेची जबाबदारी आणि माझा अनुभव बघता माझी अपेक्षा वार्षिक १४५ ते १५५ आहे. गेली दोन वर्षं ऑडिट्स मी सांभाळतोय, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी हे काम करू शकेन.’ आणि मग थांबा. पलीकडे शांतता पसरली की आपल्याला ती भरून काढावीशी वाटते, आणि ‘पण थोडं कमी-जास्त चालेल’ असं तोंडातून निघून जातं. ते निघू देऊ नका. त्या बाई बहुधा नुसतं लिहून घेत असतात. जुना पगार पुन्हा विचारला तर, ‘तो आकडा मी देईन, पण तो आठ वर्षं एकाच ठिकाणी राहिल्याचा आहे, या जागेशी त्याची तुलना नको’ असं म्हणा आणि खरा आकडा द्या. क्रम एवढा पाळा, की तुमची अपेक्षा आधी कानावर पडली पाहिजे.

अजून एक, कारण इथे फार जण फसतात. १५५ चं पॅकेज कागदावर आलं आणि त्यातला पाचवा हिस्सा ‘व्हेरिएबल’ असेल, म्हणजे कामगिरी आणि कंपनीच्या नफ्यावर अवलंबून, तर निश्चित पगार उरतो १२४. तुमच्या आजच्याच कामाच्या बाजारभावाइतकाही नाही. म्हणून आकडा मागताना ‘निश्चित पगार’ हे शब्द वापरा, आणि व्हेरिएबल गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिलं गेलं ते विचारा. राजीनामा ऑफर लेटर हातात आल्यावरच द्यायचा. तोंडी शब्दावर नाही, मग तो कितीही मोठ्या साहेबाचा असो.

प्रश्न : मी आकडा सांगून बसलोय. पहिल्याच फोनवर घाबरून ११५ म्हणालो आणि त्यांनी लगेच ‘ठीक आहे’ म्हटलं. आता ऑफर लेटर आलंय, त्यात एकाऐवजी दोन गोदामांची जबाबदारी लिहिली आहे. आता काही बोलता येईल का?

उत्तर : येईल, आणि सही करायच्या आधी बोलायलाच हवं. तुमचा ११५ हा एका गोदामाचा आकडा होता. काम बदललं की आकड्यावर पुन्हा बोलणं यात शब्द फिरवणं नाही. ईमेलवर लिहा, म्हणजे नोंद राहते : ‘आपलं बोलणं झालं तेव्हा एका गोदामाची जबाबदारी समोर धरून मी ११५ म्हणालो होतो. पत्रात दोन आहेत. त्या हिशेबाने १३० वर विचार व्हावा.’ एकदाच लिहा, एकच आकडा लिहा, माफी मागू नका.

ते नाहीच म्हणाले, तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करू असं ऑफर लेटरमध्ये घालून मागा. ‘बघू नंतर’ असं फोनवर म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी त्या खुर्चीत असेलच असं नाही. आणि तेही देत नसतील, तर एका गोदामाची जबाबदारी कमी करून मागा. हे विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. पण एका पगारात दोघांचं काम खपवायची सवय असलेली कंपनी आत गेल्यावर सुधारत नाही, तेव्हा त्यांचं उत्तर सहीच्या आधी ऐकलेलं बरं.

प्रश्न : ताई, आईच्या आजारपणात मी चार वर्षं घरी होते. त्याआधी अकाउंट्समध्ये अकरा वर्षं काम केलं. आता एका ठिकाणी निवड झाली आहे, पण ते म्हणतात, ‘गॅप आहे, म्हणून जुन्या पगारापेक्षा वीस टक्के कमी देऊ.’ घरचे म्हणतात, मिळतंय ते घे, बायकांनी पगारावरून वाद घातलेला चांगला दिसत नाही. मलाही बोलायची हिंमत होत नाही.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी अस्वस्थ झाले. चार वर्षं आईला सांभाळणं हा गुन्हा असल्यासारखी त्याची शिक्षा पगारातून वसूल होते आहे, आणि तीही चार वर्षांपूर्वीच्या पगारावर. म्हणजे वीस टक्के तर कापलेच, वर या चार वर्षांत त्या कामाचा दर जेवढा वाढला तोही गेला. दर वर्षाला ६ टक्क्यांनीच वाढला असं धरलं, तर जुने १०० आज १२६ झाले. ते तुम्हाला देतायत ८०. खरी कपात वीस टक्क्यांची नाही, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे.

तुमची भीती उगाच नाही, हेही मला मान्य आहे. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाइ यांचे प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. पगारावर बोलणाऱ्या स्त्रियांविषयी लोकांचं मत पुरुषांपेक्षा जास्त बिघडतं, असं त्यांत दिसलं. म्हणजे बायका बोलत नाहीत याचा दोष निव्वळ त्यांच्या भिडस्तपणावर टाकणं अन्यायाचं आहे. पण दुसरी बाजूही आहे. आंद्रेयास लाइब्रांट आणि जॉन लिस्ट यांनी अमेरिकेत खऱ्या जाहिराती देऊन एक अभ्यास केला, तो २०१५ मध्ये आला. जाहिरातीत ‘पगारावर चर्चा होऊ शकते’ असं स्पष्ट लिहिलं की स्त्रियाही पुरुषांइतक्याच पगार मागतात. जिथे तसं लिहिलेलं नसतं, तिथे पुरुष मागतात आणि स्त्रिया मागे राहतात. तेव्हा तुम्ही तो दरवाजा आधी उघडून घ्या : ‘या आकड्यावर बोलायला वाव आहे का?’ असा साधा प्रश्न. ‘हो’ आलं, की पुढचं बोलणं त्यांच्याच संमतीने चाललेलं असतं.

मग गॅपचा विषयही काढू नका. ‘अकरा वर्षांच्या अनुभवाच्या अकाउंटंटला तुम्ही आज काय देता?’ हे विचारा. चार वर्षांत कर आणि हिशेबाचे नियम बदलले असतील, सॉफ्टवेअर बदललं असेल. तेवढं शिकून घ्यायला लागणारा वेळ ही खरी गोष्ट आहे, ती मान्य करा आणि तिची किंमत तेवढीच ठेवा : ‘पहिले तीन महिने थोडा कमी पगार मला चालेल, त्यानंतर इतरांच्या बरोबरीने द्या, आणि हे पत्रात लिहा.’ तीन महिन्यांच्या उजळणीची किंमत कायमची वीस टक्के कपात असू शकत नाही.

सुरुवातीलाच बरोबरीने लागलं तरी पुढे लक्ष ठेवावं लागतं. लिली लेडबेटर ही अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टायर कारखान्यात १९७९ साली लागली. सुरुवातीचा पगार पुरुष सहकाऱ्यांच्या बरोबरीचा होता. मग दरवर्षीच्या वाढीत ती थोडी थोडी मागे पडत गेली. १९९७ च्या अखेरीस तिला महिना ३,७२७ डॉलर मिळत होते, आणि त्याच हुद्द्यावरच्या सगळ्यात कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. हे तिला कळलं ते निवृत्तीच्या तोंडावर, कुणीतरी टाकलेल्या निनावी चिठ्ठीतून. तिने दावा लावला, पण तक्रारीला उशीर झाला म्हणून २००७ मध्ये ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरली. त्यानंतर तिच्या नावाने कायदा झाला, २००९ मध्ये. अशी चिठ्ठी येण्याची वाट बघू नका. तुमच्या जागेवर आज बाहेर काय देतात याची चौकशी दोन वर्षांतून एकदा करत जा, नोकरी बदलायची नसली तरी.

घरच्यांना एवढंच सांगा, की मी वाद घालत नाहीये, भाव विचारते आहे.

प्रश्न : माझी पहिलीच नोकरी. अर्जात ‘अपेक्षित पगार’ असा रकाना आहे आणि तो रिकामा सोडता येत नाही. काय भरू?

उत्तर : शब्द लिहिता येत असतील तर ‘कंपनीच्या श्रेणीनुसार’ लिही. आकडाच लागत असेल, तर तुझ्याच शाखेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या पाच-सहा जणांना विचार, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून दे, आणि उरलेल्यांतला वरचा भर. मोठ्या कंपन्यांत नवख्यांचा पगार बहुधा सगळ्यांना एकच असतो, तिथे जास्त बोलून उपयोग नाही. लहान कंपनीत मात्र वाव असतो, आणि तिथे ‘आधी लागू दे, पगार काय वाढतच जाईल’ असं म्हणू नकोस. सुरुवातीला १०० ऐवजी ९० वर लागलास आणि दरवर्षी ६ टक्के वाढ मिळत गेली, तर दहा वर्षांत तो दहाचा फरक साठून सुमारे १३२ होतो. एका अख्ख्या वर्षाच्या पगाराहून जास्त. तरीही दोन नोकऱ्यांत थोडाच फरक असेल, तर जिथे काम शिकवणारा माणूस आहे तिथे जा. पहिल्या नोकरीपुरतं मी हे म्हणते आहे, दुसरीला नाही.

प्रश्न : राजीनामा दिल्यावर साहेबांनी नव्या कंपनीइतकाच पगार द्यायची तयारी दाखवली आहे. थांबू का?

उत्तर : तुम्ही का निघाला होतात ते आधी आठवा. फक्त पगारासाठी निघाला असाल आणि नवा पगार आजच्या तारखेने पत्रावर मिळत असेल, तर थांबायला हरकत नाही. पण साहेबांना एक विचारा : हा पैसा पुढच्या वर्षीच्या वाढीतून उचललाय का? बऱ्याच ठिकाणी तसंच असतं, आणि मग पुढच्या वर्षी तुमच्या हाती काहीच येत नाही. कामाला कंटाळून, माणसांना कंटाळून निघाला असाल तर त्यातलं काहीही पगाराने बदलत नाही, तेव्हा ठरल्या तारखेला जा. आणि जे ठरवाल ते नव्या कंपनीला याच आठवड्यात कळवा, तुमच्यासाठी त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी थांबवून ठेवलेलं असेल.